माळ्यावरची तीन गाठोडी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीचे पहिले खजिनदार. पंचवीस वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा." मी जुन्या फायली काढल्या. नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, लिफ्टचा वाद, रंगकामाचा निधी, हे सगळं वार्षिक अहवालांत आलेलं आहे, आणि आपण सर्वांनी ते अहवाल न वाचता एकमताने मंजूरही केलेले आहेत. तेच पुन्हा लिहून आपला वेळ का घ्यावा? म्हणून मी एक वेगळा इतिहास लिहितो आहे. तो आमच्या माळ्यावर तीन गाठोड्यांत बांधून ठेवलेला होता. त्यातलं एक गाठोडं आपल्या सगळ्यांचं आहे. त्यामुळे मी विषय सोडून लिहितो आहे असं कोणी समजू नये.

2024 चा गुढीपाडवा 9 एप्रिलला होता. त्याच्या आधी घराची साफसफाई काढली आणि माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली घेतली. आत तीन गाठोडी होती. तिन्हींत अर्धवट शिवलेल्या गोधड्या. एक माझ्या आईची, एक आमच्या सौभाग्यवतींची आणि एक सोसायटीची.

एरवी मी ती झटकून पुन्हा वर टाकली असती. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी हिला तपासून सांगितलं होतं की, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. तिला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली होती. चष्म्याचा नंबर बदलून भागणार नव्हतं. "बारीक काम जे काही करायचं असेल ते आत्ताच करून घ्या," असं डॉक्टर म्हणाले होते. ही ट्रंकेजवळ खाली बसली, तिन्ही गाठोडी सोडली, हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अहो, पुढच्या पाडव्यापर्यंत ही तिन्ही संपवायची. सुईत दोरा तुम्ही ओवून द्यायचा."

माझी उभी हयात बँकेत गेली. आमच्याकडे सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचा खुलासा होत नाही ती तिथे टाकायची आणि 31 मार्चपूर्वी खुलासा शोधायचा. पुढचा पाडवा 30 मार्च 2025 ला येत होता, म्हणजे इयर एंडिंगच्या बरोबर एक दिवस आधी. मुदत मला पटली.

गोधडी म्हणजे काय

आपल्या सोसायटीतल्या लहान मुलांना गोधडी म्हणजे काय हे सांगावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं. पण सांगावं लागतं. जुन्या कपड्यांचे तीन-चार किंवा अधिक थर एकावर एक अंथरायचे आणि हाताने धावदोरा घालून ते एकजीव करायचे, की झाली गोधडी. आमच्या सातारा भागात तिला वाकळ म्हणतात. लहान बाळासाठी पातळ केली की दुपटं. संस्कृतात कंथा हा शब्द आहे, आणि बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांची जी नक्षीदार 'कांथा' शिवतात तिच्यात तोच शब्द राहिला आहे. तिथल्या बायका रंगीत दोराही जुन्या साडीच्या काठातूनच काढत.

ठिगळाला आपल्या देशात मोठा मान होता. विनयपिटकात एक गोष्ट आहे. बुद्धांनी मगधातली बांध घातलेली भातशेतं पाहिली आणि आनंदाला विचारलं, असं चीवर शिवता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसं चीवर तयार केलं. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातल्या विरक्त माणसाच्या अंगावरही कंथाच आहे. आपल्याकडे गाडगेबाबा झाले. जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. हातात खराटा आणि अंगावर चिंध्यांचं वस्त्र. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणायचे. पण साधुसंतांनी गोधडी पांघरली ती मनाने सोडलेलं दाखवण्यासाठी. आमच्या आया-आज्यांनी ती शिवली थंडी वाजते म्हणून. तो इतिहास कोणी लिहून ठेवला नाही. तो टाक्यांतच राहिला.

शिवण्याची रीत साधी आणि कष्टाची. सुगी उरकली, उन्हाळा लागला की अंगण सारवून घ्यायचं. खाली लुगडं दुहेरी अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे नाहीतर तांब्याचे हंडे ठेवून ते ताणायचं. त्यावर जुनी धोतरं, सदरे, झंपर. वर त्यातल्या त्यात बरे तुकडे. मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं आणि मग कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत आत आत यायचं. शेवट मधोमध होतो. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांची 'कवंदी'ही अशीच कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्यात येते. चार कोपऱ्यांवर त्या कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात, आणि त्या नसल्या तर कवंदी उघडी दिसते असं त्या मानतात.

मी बँकेचा माणूस, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी, दोन फेऱ्यांत अर्धा इंच अंतर धरलं तर सगळ्या फेऱ्या मिळून सुमारे 576 फूट शिवण होते. इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांच्या वर टाके होतात. ही न थांबता बसली तर तासाला पाचशे टाके घालते. म्हणजे एका गोधडीला चाळीस तास, आणि तेही सगळे थर टाचून झाल्यावर. माझ्या आईने आयुष्यात किती वाकळा शिवल्या ते मी मोजलेलं नाही. त्या मजुरीची नोंद कुठल्याही वहीत नाही.

पहिलं गाठोडं : 1973

माझं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, दगड भरपूर. ही वाकळ आईने 1972 च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीसाठी घातली. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर आईने शिवलेली वाकळ जायची. त्याच वर्षी तो मोठा दुष्काळ पडला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात ज्वारी नव्हती, रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या आम्ही खाल्ल्या. खडी फोडलेल्या हातांनी रात्री कंदिलाजवळ बसून ती दोन-दोन फेऱ्या घालायची.

आता गाठोडं उघडल्यावर बहिणीला फोन केला. ती कोरेगावकडे असते, सत्तरी ओलांडली आहे. दुसऱ्याच आठवड्यात एस. टी. ने आली. तिने एकेक थर उचलून ओळखला. वर आईचं इरकली लुगडं, मधोमध फाटल्यावर दंड घालून पुन्हा नेसलेलं. त्याखाली वडिलांची दोन धोतरं. माझी शाळेतली खाकी चड्डी. आणि सगळ्यांत खाली जाडंभरडं, मळकट कापड. "दादा, हे आज्जीचं कंट्रोलचं लुगडं," ती म्हणाली.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची भयंकर टंचाई झाली. सरकारने 1943 मध्ये कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं आणि गरिबांसाठी ठरावीक भावाचं जाडंभरडं कापड काढलं. आमच्या आजीने ते नेसलं, मग ते घरात हात पुसायला, मग वाकळेत. म्हणजे ज्या वाकळेत माझी चड्डी होती, तिच्याच तळाशी महायुद्ध होतं. हे मला बी. कॉम. च्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

आता ही वाकळ का अर्धवट राहिली ते लिहितो. इतकी वर्षं मी विचारणाऱ्याला "दुष्काळामुळे" असं सांगत आलो. ते खरं नाही. जुलै 1973 मध्ये मी बँकेत लागलो. 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर गावोगाव शाखा निघत होत्या, भरती होत होती, त्यात माझा नंबर लागला. दिवाळीला घरी यायच्या आधी आईचं पोस्टकार्ड आलं, बहिणीच्या अक्षरात : येताना गोधडीच्या जाड दोऱ्याची चार रिळं आण.

मी दोरा नेला नाही. मी दोन सोलापुरी चादरी नेल्या. कोऱ्या, घडी न मोडलेल्या. आईपुढे ठेवल्या आणि म्हणालो, "आता कशाला डोळे फोडून घेतेस? तुझा पोरगा कमावतो." आईने चादरीवरून हात फिरवला. "चांगली हाय," म्हणाली. आणि वाकळ गुंडाळून ठेवली. पुढल्या वर्षी बहीण सासरी गेली ती चादर घेऊन. आई 1991 मध्ये गेली. त्या अठरा वर्षांत तिने वाकळेचा विषय काढला नाही, आणि मीही नाही. मला ते कर्तृत्व वाटत होतं.

सोलापूरच्या चादरीचा यात काही दोष नाही. 1877 मध्ये तिथे पहिली गिरणी निघाली, मागावर हजारो घरं चालली, त्या चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे. माझी बहीणही म्हणाली, "चादर चांगली होती रे. लय टिकली." मग थांबून म्हणाली, "पण पहिल्या थंडीत सासूबाईंनी इचारलं, तुझ्या आईनं वाकळ न्हाई व्हय दिली? तवा मी काय सांगायचं?"

मी उठलो आणि बाजारात गेलो. चार रिळं आणली, पन्नास वर्षं उशिरा. मे महिन्यात बहीण आमच्याकडे बावीस दिवस राहिली. ती आणि ही समोरासमोर बसून शिवायच्या, मी दोरा ओवून द्यायचो. जुनं कापड इतकं विरलेलं होतं की टाका जोरात ओढला तर फाटत होतं, म्हणून हिने खालून मांजरपाटाचं नवं अस्तर लावलं. आमच्या घरी शेवटचा टाका घालण्याआधी आई आत चार दाणे ज्वारीचे टाकायची, पांघरणाऱ्याला उपास पडू नये म्हणून. बहिणीने डब्यातून चार दाणे घेतले, टाकले आणि वाकळ मिटवली. जाताना एस. टी. त तिने ती मांडीवर ठेवली, वर बॅगांच्या फळीवर ठेवू दिली नाही.

दुसरं गाठोडं : 1982

आमच्या हिचं माहेर लालबागचं. सासरे एका गिरणीत साचेखात्यात होते. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 पासून ती चालू झाली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं या शहराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर चाळीतल्या चुली पेटायच्या आणि विझायच्या. सासऱ्यांना गिरणीच्या दुकानातून कापडाचे तुकडे सवलतीत मिळायचे. पॉपलीन, केम्ब्रिक, कधी छापील वॉयल. 1981 च्या दिवाळीत आम्हाला बाळाची चाहूल लागली, तेव्हा हिने त्या कोऱ्या तुकड्यांची गोधडी घालायला घेतली. जुन्या कपड्यांची नाही, नव्या कापडाची. चाळीत सगळ्यांनी नावाजली.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गोधडीला दोन वीत कापड कमी पडत होतं. सासरे म्हणाले, "पंधरा दिवसांत मिटेल. कामावर गेलो की पहिल्याच पगाराला तुकडे आणतो." एप्रिलमध्ये आमची मुलगी झाली. संप मिटला नव्हता. पावसाळ्याआधी सासरे कणकवलीकडे गावी गेले. भातलावणी झाली की येतो म्हणाले.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, बऱ्याच जणांना कामावर परत घेतलं नाही. कापडाचं काम एव्हाना भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकलं होतं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्येच आला होता. संपाच्या काळात या गावांनी ती पोकळी भरून काढली. बाजारात कापड कमी पडलं नाही, कमी पडली ती गिरणगावातल्या घरात भाकरी. सासरे 1994 मध्ये गावीच वारले. प्रत्येक भेटीत ते हिला म्हणायचे, "तुझे दोन वीत राहिलेत माझ्याकडे."

गोधडी उघडल्यावर मी सुचवलं, चांगल्यापैकी पॉपलीन आणू, रंग जुळवू, दोन वीत काय मोठं काम? ही बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नको. गिरणी जिथे थांबली तिथे गोधडी थांबली. आता ती खोटी पुढे ओढायची नाही." तिने आखूड बाजूचे उसवलेले टाके नीट केले, आतल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. मग कपाटातून वडिलांचा एक जुना पांढरा लेंगा काढला. इतकी वर्षं तो तिच्याकडे होता हे मला माहीत नव्हतं. त्याच्या पट्ट्या कापून तिने चारी बाजूंनी गोट लावला.

हे काम तिने जवळजवळ एकटीने केलं, पावसाळाभर, खिडकीजवळ बसून. ऑगस्टपासून तिला टाका दिसेनासा झाला. मग ती डाव्या हाताच्या बोटाने मागचा टाका चाचपायची आणि त्याच्या पुढे सुई घालायची. गोधडीच्या एका टोकाचे टाके सारखे आहेत, दुसऱ्या टोकाचे लहानमोठे. मी ते मुलीला दाखवलं. ती आता त्रेचाळीस वर्षांची आहे, बंगळूरला असते. गणपतीला आली होती, ती गोधडी घेऊन गेली. पायांशी थोडी आखूड पडते म्हणते. पडू दे.

तिसरं गाठोडं : 2020

आता आपल्या सगळ्यांचं गाठोडं. जुन्या सभासदांना आठवत असेल, 2019 च्या दिवाळीनंतर सी विंगमधल्या वहिनींनी भिशीत कल्पना मांडली की, पुढच्या वर्षी सोसायटीला वीस वर्षं होतील, तेव्हा प्रत्येक फ्लॅटमधून एक वीत चौकोनी तुकडा घ्यायचा आणि सगळ्यांची मिळून एक गोधडी करायची, गणपतीच्या मंडपात लावायला. 64 फ्लॅट, आठ ओळी, आठ रांगा. हिशोब आपोआप जुळला. वहिनी दारोदार फिरल्या. कोणी साडी दिली, कोणी मुलाचा शाळेचा शर्ट, कोणी जुना पडदा. त्यांनी शंभर पानी वहीत नोंद ठेवली : कोणता तुकडा कोणत्या फ्लॅटचा, कोणाचा, कधीचा. मी खजिनदार असताना ठेवलेल्या वह्यांपेक्षा ती वही नीटनेटकी आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

रीतीप्रमाणे त्यांनी कडेपासून तुकडे लावायला घेतले. बाहेरच्या फेरीत 28, दुसऱ्या फेरीत 20, तिसऱ्या फेरीत तीन लागले होते. एकूण 51. तेवढ्यात मार्च 2020 उजाडला, 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गेट बंद, भाजी टोपलीतून वर, वाढदिवस बाल्कनीत. दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, वहिनी गेल्या. त्या महिन्यात आपल्या सोसायटीतून चार जण गेले आणि आपण कोणाच्याही शेवटच्या दर्शनाला जाऊ शकलो नाही. नंतर त्यांच्या सूनबाईंनी गाठोडं आणि वही आमच्याकडे आणून दिली. "काकू, मला हे बघवत नाही आणि टाकवतही नाही," असं म्हणाल्या. आम्हालाही बघवलं नाही. माळ्यावर टाकलं.

ऑक्टोबर 2024 पासून दर बुधवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या कार्यालयात गोधडी अंथरायला सुरुवात केली. पहिल्या बुधवारी आम्ही तिघं होतो. डिसेंबरात अकरा जण झाले, त्यात ए विंगमधले दोन कॉलेजचे मुलगे. बी विंगमधल्या एका निवृत्त शिक्षकांचा टाका सगळ्यांत सरळ निघाला. माझा टाका पाहून ही म्हणाली, "दिसत नाही तेच बरं आहे."

13 तुकडे राहिले होते, आणि खरा प्रश्न तिथे उभा राहिला. त्या 13 फ्लॅटपैकी पाच विकले गेले होते, तीन भाड्याने होते, एक कोर्टकचेरीमुळे कित्येक वर्षं कुलूपबंद. तुकडा कोणाचा घ्यायचा? मूळ मालकाचा की नव्या? भाडेकरूंचा चालेल का? आपली सोसायटी असल्यामुळे हा विषय कमिटीच्या बैठकीत गेला. एका सभासदांनी हे उपविधीच्या कोणत्या कलमात बसतं असं विचारलं. पाऊण तास चर्चा झाली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "टाळेबंदीत जिना कोणी धुतला, औषधं कोणी आणली, तेव्हा आपण मालक-भाडेकरू विचारलं होतं का?" मग जो आज त्या घरात राहतो त्याचा तुकडा घ्यायचा, असं ठरलं. कुलूपबंद फ्लॅटच्या जागी आपल्या वॉचमनच्या खोलीतला तुकडा लावला. टाळेबंदीत तो एक दिवसही घरी गेला नव्हता.

तुकडे जमवताना आणखी एक गोष्ट कळली. नव्या घरांतून सुती कापड मिळेना. पॉलिस्टर, लेगिंग, जॉर्जेट. त्यातून सुई घसरते, दोरा चरचरतो, आणि चार धुण्यांत टाका सुटतो. साठीच्या दशकात टेरिलिन आलं तेव्हा ते धुवायला सोपं, इस्त्री नको, म्हणून आम्ही डोक्यावर घेतलं. माझ्या लग्नातला शर्ट टेरिकॉटचा होता. पण ते कापड विरत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही. त्याची गोधडी होत नाही. नऊवारी जाऊन पाचवारी आली तेव्हा गोधडीचं कापड निम्मं झालं, आणि सूत जाऊन टेरिलिन आलं तेव्हा उरलेलंही गेलं. घरातल्या गोधड्या बंद का पडल्या, याची निम्मी कारणं या 13 तुकड्यांनी मला सांगितली. उरलेली निम्मी मी वर लिहिलीच आहेत, आणि त्यात एक मी स्वतः आहे.

वहीत शेवटी एक गोष्ट लक्षात आली. वहिनींनी स्वतःच्या फ्लॅटचा तुकडा लावलेलाच नव्हता. नावापुढे लिहिलं होतं : शेवटी. सूनबाईंनी त्यांच्या रोजच्या नेसणीतली फिकट जांभळी सुती साडी दिली. मधल्या चार तुकड्यांत तो एक आहे. शेवटचे टाके सगळ्यांनी एकेक घातले. मुलांनी घातले, वॉचमनच्या बायकोने घातले, उपविधी विचारणाऱ्या सभासदांनीही घातला. सगळ्यांत शेवटी ही बसली. मी सुई ओवून हातात दिली. तिने बोटाने कड शोधली, टाका घातला, गाठ मारली आणि विचारलं, "दाणे टाकले का?" ते राहिलेच होते. मग दोन टाके उसवून ज्वारी घातली आणि पुन्हा शिवलं. तारीख होती 26 मार्च 2025, बुधवार. पाडव्याला चार दिवस होते.

ताळेबंद

वर्षाचा हिशोब असा. तीन गोधड्या हाती घेतल्या, तिन्ही पुऱ्या झाल्या. दोऱ्याची सतरा रिळं लागली. सुया अकरा मोडल्या, त्यातल्या आठ माझ्याकडून. हिचा उजवा डोळा आता बराच अधू आहे, डावा थोडा बरा आहे. पेपर मी वाचून दाखवतो. सुईकाम संपलं, असं ती स्वतःच म्हणाली, आणि तेव्हा ती रडली नाही, मी रडलो.

एवढ्या वर्षांत मी बँकेत कितीतरी खाती बंद केली. वर्ष संपलं की जुनी वही बांधून रेकॉर्ड रूममध्ये. अर्धवट गोधडीचं तसं नसतं. ती जिथे थांबते तिथे सुई अडकवलेली राहते, आणि ती जागा म्हणजे नेमकी तारीख असते. आईची सुई माझ्या पहिल्या पगाराला थांबली, हिची गिरणीच्या भोंग्याला, वहिनींची टाळेबंदीला. पुरी झालेली गोधडी आपण पांघरतो आणि झोपतो. अर्धवट राहिलेली विचारत राहते.

सोसायटीची गोधडी रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात मंडपात लावली जाईल. नंतर ती कार्यालयाच्या कपाटात राहील, वहीसकट. कमिटीला माझी विनंती आहे : तिला वॉशिंग मशिन दाखवू नये. गावाकडे घटस्थापनेआधी सगळ्या गोधड्या नदीवर धुवायची रीत होती. तशी वर्षातून एकदा गच्चीवर हाताने धुवावी, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी, घडीत कडुनिंबाचा पाला घालावा. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे असली तरी हरकत नाही. मात्र ती सापडली पाहिजे.

आणि आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असं एखादं गाठोडं असेल, तर ते खाली काढावं. बुधवारी चार वाजता कार्यालय उघडं असतं. सुईत दोरा ओवायला मी आहे.